कमी आलेले चार हजार चारशे पंचावन्न

२ मार्च, रविवार

उद्यापासून नोकरी. पार्ट टाइम. दुपारी दोन ते साडेसहा. तासाला नव्वद.

बावीस वर्षं डिस्पॅच विभागाचा प्रमुख होतो. विभाग बंद पडला, मी नाही. त्यानंतरचे आठ महिने घरी विचारपूर्वक काढले. आता पुन्हा मैदानात.

काम लॉन्ड्रीत आहे. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं तर 'वस्त्रोद्योगात आहे' म्हणायचं ठरवलंय. यात खोटं काही नाही.

हिशेब: साडेचार गुणिले नव्वद, चारशे पाच. गुणिले तीस. बारा हजार एकशे पन्नास. लेकीची परीक्षा फी नऊ हजार, शेवटची तारीख १० एप्रिल. जेवताना जाहीर करून टाकलं, फी बाबा भरणार. लेक हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा, निदान माझ्याकडे बघून. हिने विचारलं, चहाच्या सुट्टीचे पैसे धरतात का? आणि रविवारचे? हिची माशी नेमकी शुभकार्यातच शिंकते.

संकल्प: रोज दहा मिनिटं आधी पोचायचं. रोज रोजनिशी लिहायची. जुना हुद्दा कुणाला सांगायचा नाही, वागण्यातून आपोआप कळेल.

३ मार्च, सोमवार

वीस मिनिटं उशीर. चूक बसची.

जुना हुद्दा सांगितला. तीनदा. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू गेला नसावा.

फ्लोअरची इनचार्ज एक बाई आहे. आवाजावर मात करायला गळ्यात शिट्टी. सगळे तिला शिट्टीबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. तिने एप्रन आणि रबरी बूट दिले आणि बरंच काही सांगितलं. डिपॉझिट, शिकाऊ दिवस, सुट्टी असे शब्द कानावर आले. मान डोलावली, दाखवलं तिथे सही केली. महत्त्वाचं असतं तर परत सांगितलं असतं.

काम असं: गरम रोलरमधून चादर बाहेर येते. दोघांनी चार टोकं धरायची, जवळ यायचं, घडी घालायची, लांब जायचं. माझी जोडीदार साठीची एक बारीक बाई. सगळ्यांची मावशी. माझ्या हातून टोकं निसटत होती. ती म्हणाली, भाऊ, ओढू नका, चादरीबरोबर चालत या. वृत्ती चांगली आहे. पण मी या कामाकडे मॅनेजमेंटच्या नजरेतून बघतोय.

हात भाजले. हिला सांगितलं नाही. हिने न विचारता मलम काढून ठेवलं.

११ मार्च, मंगळवार

मधल्या दिवसांत लिहायला जमलं नाही. कंबर.

एक निरीक्षण. चार वाजले की मावशी मागच्या दाराने गायब होते. पाऊण तासाने येते, घामाघूम. चहाला पाऊण तास! तेवढा वेळ माझ्याबरोबर घड्या घालायला प्रेसवरचा एक उंच, हडकुळा माणूस येतो. याला खांब म्हणतात. मावशीच्या वाटणीच्या चादरी बाकीचे मुकाट उचलतात. शिट्टीबाई बरोबर त्याच वेळी पाठ फिरवून साबणाचे ड्रम मोजत असते. काय ही शिस्त! आमच्या डिस्पॅचला असं चाललं नसतं. एका दिवसात नोटीस बोर्डावर लावली असती.

आज मला दहाच मिनिटं उशीर झाला. शिट्टीबाईने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग वहीकडे. वही मिटून ठेवली. माझा मान राखून आहे.

१९ मार्च, बुधवार

कंबरेने असहकार पुकारला. गेलो नाही. पगारी रजा धरतो. बावीस वर्षं धरली जायची.

१ एप्रिल, मंगळवार

पगार. खाकी पाकीट, वर माझं नाव, त्यातही काना चुकलेला. बसमध्ये उघडायचं नाही असं ठरवलं होतं. बसस्टॉपवर उघडलं.

सहा हजार.

पुन्हा मोजले. सहा हजार. आज तारीख कोणती हे तेव्हा लक्षात आलं. पाठीमागे वळून पाहिलं, कुणी हसतंय का. कुणी नव्हतं.

घरी हिला सांगितलं, पाकीट उद्या मिळणार आहे. तिने 'बरं' म्हटलं आणि माझ्या खिशाकडे पाहिलं.

२ एप्रिल, बुधवार

लेकीच्या हाती पाकीट लागलं. शर्ट धुवायला घेताना. आत एक चिठ्ठी होती, मी पाहिली नव्हती. बारीक अक्षर.

लेकीने दोन मिनिटांत हिशेब मांडला. पगार तीन ते पंचवीस तारखेपर्यंतचा. रविवार वजा जाता वीस दिवस, त्यातला एक मी गैरहजर. एकोणीस. रोजचे चार तास, कारण अर्ध्या तासाची सुट्टी बिनपगारी. सहा हजार आठशे चाळीस. पहिले तीन दिवस शिकाऊ म्हणून निम्म्या दराने, पाचशे चाळीस गेले. एप्रन-बुटांचं डिपॉझिट तीनशे. बाबा, बरोबर सहा हजार होतात, म्हणाली.

मी म्हटलं, बाळा, तुझं गणित चांगलं आहे, पण तुला व्यवहार कळत नाही. तिने वही मिटली. फीचं काय, असं तिने विचारलं नाही. तेवढी समज आहे तिला. मीच सांगितलं, दहा तारखेच्या आत कंपनीकडून उरलेले वसूल करून देतो. शब्द दिला. शब्द म्हणजे शब्द.

३ एप्रिल, गुरुवार

आज शास्त्रशुद्ध काम केलं.

पद्धत एक: मूळ बोलीप्रमाणे, बारा हजार एकशे पन्नास.

पद्धत दोन: तीन ते पंचवीस तारीख, रविवार धरून. रविवारी मी कामाचाच विचार करत होतो. नऊ हजार तीनशे पंधरा.

पद्धत तीन: रविवार सोडून, पण बसचा तास धरून. मी काही बसमध्ये हौसेने बसत नाही. नऊ हजार नऊशे.

तिन्ही उत्तरं वेगळी आली. कच्चा माणूस इथे गोंधळला असता. मी सरासरी काढली. दहा हजार चारशे पंचावन्न. वजा सहा हजार. म्हणजे कंपनी मला चार हजार चारशे पंचावन्न देणं लागते. इतका नेमका आकडा चुकीचा असूच शकत नाही.

हा आकडा माझ्या एकट्याचा असेल का? माझ्यासारख्या जाणत्या माणसाला असा हात दाखवतात, तर मावशीसारख्यांची काय गत असेल! अंगावर काटा आला. हा लढा आता वैयक्तिक राहिलेला नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

सुट्टीत सगळ्यांना गोळा केलं. सातजण. दोघे बिडी प्यायला गेले, एक झोपला. उरलेल्यांसमोर भूमिका मांडली. तास शिट्टीबाई वहीत हाताने लिहिते. पण दोन्ही दारांवर अंगठ्याचं मशीन आहे. मशीन खोटं बोलत नाही. तेव्हा सगळ्यांचे तास मशीनवरून तपासा, अशी मागणी हेड ऑफिसकडे करायची. शेवटी सोनारानेच कान टोचायला हवेत, असंही म्हटलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खांब माझ्याकडे बघत राहिला. दबलेली माणसं अशीच असतात.

मावशी नंतर जिन्याखाली गाठून म्हणाली, भाऊ, माझं नाव त्यात नका घालू. मी म्हटलं, तुमचा हिशेब तपासलात का कधी? ती म्हणाली, मला मिळतंय ते बरोबर आहे हो. नका घालू. तिने माझी बाही धरली होती. केवढी ही दहशत! मी तिला धीर दिला.

सुटताना शिट्टीबाईने बाजूला घेतलं. पहिल्यांदाच हळू बोलली. म्हणाली, पैशाची अडचण असेल तर सांगा, माझ्याकडचे हजार-पाचशे देते, पुढच्या महिन्यात द्या. पण मशीनचं नाव तेवढं काढू नका. मी स्पष्ट सांगितलं, मी विकला जाणारा माणूस नाही. चोराच्या मनात चांदणं!

७ एप्रिल, सोमवार

पत्र गेलं. चार पानं. रविवारचा सबंध दिवस त्यात गेला, त्यामुळे पद्धत दोनला आणखी बळ मिळतं. यादीत सर्वांत वर मावशीचं नाव घातलं. सर्वांत जास्त अन्याय जिच्यावर, तिचा मान पहिला. आपल्याला मोठेपणाची हाव नाही. स्वतःचं नाव शेवटी लिहिलं, जरा ठळक.

हिने पत्र वाचून विचारलं, त्या बाईंना विचारलंत का? म्हटलं, विचारलं. काय म्हणाल्या? म्हटलं, भारावल्या होत्या.

१० एप्रिल, गुरुवार

फीची शेवटची तारीख. हेड ऑफिसचं उत्तर नाही. सकाळी लेकीला समजावून सांगायला गेलो की तत्त्वाच्या लढ्यात असा थोडा उशीर होतो, विलंब शुल्क भरून पुढच्या आठवड्यात भरता येईल. ती म्हणाली, बाबा, फी भरली. सोमवारीच. मामाने दिली.

मामा म्हणजे माझा मेहुणा. टायरचं दुकान. ज्याच्याकडे हात पसरणार नाही असं मी ह्याच वहीत चारदा लिहिलेलं आहे. ही स्वतः जाऊन घेऊन आली. मला सांगितलं नाही.

हिला जाब विचारला. ती भाजी चिरत होती. म्हणाली, तुमचे आले की देऊन टाकू.

आले की देणारच. व्याजासकट तोंडावर मारीन. सहा हजारांपैकी आता तीन हजार दोनशे उरले आहेत. बाकीचे कुठे गेले त्याचा हिशेब सवडीने करीन.

१४ एप्रिल, सोमवार

विजय! हेड ऑफिसचा माणूस आला. लॅपटॉप, इस्त्रीचा शर्ट, तरुण. माझं पत्र त्याच्या फाइलमध्ये सर्वांत वर होतं. डोळ्यांनी पाहिलं.

सर्वांत आधी मला बोलावलं. खुर्ची दिली. लॉन्ड्रीत खुर्चीवर बसायची ही माझी पहिलीच वेळ. त्याने विचारलं, वहीतले तास चुकीचे असतात याला पुरावा काय? मी म्हटलं, साधी गोष्ट घ्या. मावशी रोज चार वाजता मागच्या दाराने बाहेर जाते, पाऊण तासाने येते, हे सगळ्या फ्लोअरला ठाऊक आहे. आता वहीत काय लिहिलंय ते बघा. त्याने पाहिलं. पूर्ण चार तास. बघा, म्हटलं, ह्या वहीवर विश्वास कसा ठेवायचा?

त्याने लिहून घेतलं. म्हणाला, थँक यू, तुम्ही फार मदत केलीत. बावीस वर्षांत साहेब लोकांनी मला एकदाही थँक यू म्हटलं नव्हतं.

माझ्यानंतर मावशीला बोलावलं. दार लावून घेतलं. मी बाहेर वाट पाहत होतो, ती बाहेर आली की अभिनंदन करू म्हणून. ती दुसऱ्या बाजूने निघून गेली असावी.

आता शिट्टीबाईच्या जागी कुणी नवं येईपर्यंत फ्लोअर कुणीतरी सांभाळायला लागेल. मी त्या माणसाला माझा पूर्वानुभव सूचकपणे सांगून ठेवला.

१७ एप्रिल, गुरुवार

निकाल. बोर्डावर कागद.

शिट्टीबाईला काढलं. मावशीला काढलं. मागचं दार आजपासून बंद. पार्ट टाइमवाल्यांची पाळी चारऐवजी तीन तासांची. उशीर झाला तर पाव तास कापणार, सर्वांना.

माझ्या अर्जावर वेगळं उत्तर. पगार बरोबर आहे. मात्र मशीनप्रमाणे माझा उशीर अडीच तासांचा भरतो, तो वहीत दाखवलेला नाही. दोनशे पंचवीस पुढच्या पगारातून वळते करण्यात येतील.

म्हणजे शिट्टीबाई माझा उशीर लिहीतच नव्हती. हा तिचा निष्काळजीपणा.

असं लिहिलं खरं.

दुपारी खांबाने रोलर बंद केला. अख्खा फ्लोअर शांत. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. तो माझ्यापाशी आला आणि सावकाश बोलला, जसं कमी ऐकू येणाऱ्याशी बोलतात. मावशीचा नवरा अंथरुणाला खिळलाय. एक बाजू गेली. चौदा महिने झाले. घरात दुसरं माणूस नाही. चार वाजता जाऊन ती त्याला भरवायची, कूस बदलायची, ओलं बदलायची, पळत परत यायची. शिट्टीबाई वहीत तिचे पूर्ण तास लिहायची. तिच्या चादरी आम्ही वाटून घेतल्या होत्या. कंपनीची एक चादर कधी कमी गेली नाही.

मी म्हटलं, मला कुणी बोललं नाही. तो म्हणाला, तुम्ही बोलायचे थांबलात कधी?

मग त्याने रोलर सुरू केला.

२२ एप्रिल, मंगळवार

नवा इनचार्ज आला. तिशीचा. नाव विचारलं तर आयकार्ड दाखवतो. मला घडीवरून काढून मळक्या कपड्यांच्या ढिगावर टाकलंय. हॉस्पिटलची गाठोडी सोडायची आणि डाग वेगळे करायचे. मोजे, एकदा एक दात, बाकी लिहवत नाही.

माझ्याशी कुणी बोलत नाही. मी बोललो तर हो म्हणतात. सुट्टीत बाकावर बसलो की बाकाचं दुसरं टोक रिकामं होतं.

सगळं मनात मांडून पाहिलं. नियम नियमच असतो. मी फक्त माझा हिशेब विचारला. चौदा महिने खोटे तास लिहिणं चूक होतंच. मी नसतो तरी कधीतरी उघडकीला आलं असतं. हे सगळं हिला एकेक मुद्दा करून सांगितलं. तिने सगळं ऐकलं. शेवटी म्हणाली, जाऊन या त्यांच्याकडे.

म्हटलं, कशाला?

ती म्हणाली, ते मी कसं सांगू.

२६ एप्रिल, शनिवार

उद्या जाणार. पत्ता खांबाकडून मिळवला. त्याने तो गाठोड्याच्या लेबलवर लिहून पुढे सरकवला. काय बोलायचं ते ठरवलं आहे. आधी तत्त्व समजावून सांगायचं. मग म्हणायचं, हेड ऑफिसला दुसरं पत्र लिहितो, तुम्हाला परत घ्यायला लावतो. माझं पत्र तिथे वाचतात, हे सिद्ध झालेलं आहे.

२७ एप्रिल, रविवार

गेलो. सफरचंदं नेली होती.

तळमजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खाट. फिनेलचा वास. खिडकीला दोरी बांधून त्यावर चार फडकी वाळत घातलेली, एकाला एक कड जुळवून. मावशीने दार उघडलं. ओळखलं. या भाऊ, म्हणाली. तिने दार लावून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तो खाटेवर होता. मोठ्या हाडाचा माणूस असणार पूर्वी. एक डोळा माझ्याकडे वळला, दुसरा छताकडेच राहिला. तिने त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, हे आमच्या कामावरचे भाऊ. काहीतरी घरघर झाली. बसा म्हणतायत, ती म्हणाली.

मी तत्त्वाची सुरुवात केली. म्हटलं, मावशी, त्याचं काय आहे. ती म्हणाली, आलाच आहात तर जरा हात लावता का? यांची कूस बदलायची आहे, रोज एकटीला जड जातं.

हात लावला. खांद्याखाली हात घाला म्हणाली, घातला. माणूस इतका गरम आणि इतका जड असतो हे माहीत नव्हतं. पाठीवर लाल झालेलं दिसलं. तिने तेवढ्यात खालची चादर काढली, दुसरी सरकवली, एक सुरकुती नाही. मी त्याला धरून उभा होतो. तो माझ्या शर्टाला श्वास सोडत होता. सोडा आता, म्हणाली तेव्हा सोडलं.

पाणी दिलं. मग कपाटावरून एक कागद काढला. कंपनीचा. शेवटचा हिशेब. म्हणाली, सोमवारी सही करून द्यायचाय. तुम्हाला आकड्यांतलं कळतं. जरा बघता का, बरोबर आहे का ते?

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा असेल असं वाटलं. नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं, आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

इतक्या वर्षांचं मिळून देणं एकतीस हजार दोनशे. वसुली: रोजचा पाऊण तास, साडेसदुसष्ट. महिन्याचे सव्वीस दिवस. चौदा महिने. चोवीस हजार पाचशे सत्तर. हाती सहा हजार सहाशे तीस.

पुन्हा केला. दिवस तपासले. दर तपासला. कुठेतरी चूक निघावी म्हणून पुन्हा वरून खाली आणि खालून वर बेरीज केली. कागदाच्या मागेही पाहिलं. मागे कोरा होता. चुकलं असतं तर पत्र लिहिलं असतं, भांडलो असतो. आयुष्यात इतका काळजीपूर्वक हिशेब मी कधी केला नव्हता.

म्हटलं, बरोबर आहे.

ती म्हणाली, बरं झालं. मला वाटलं, मलाच समजत नाही.

सही करायला तिच्याकडे पेन नव्हतं. माझं दिलं.